हजारातली एक जोडी

काळेवाडीत घाडगे सरांचा क्लास कुठं आहे असं कुणालाही विचारा, तो आधी बबनरावांची गिरणी दाखवील आणि मग शेजारचा जिना. खाली गहू दळतात, वर पोरं दळतात. हा विनोद बबनरावांचा आहे, माझा नाही, पण बारा वर्षं ऐकून ऐकून आता मीच तो पाहुण्यांना सांगतो. जागा त्यांची, भाडेकरू मी. गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरते आणि टेबलावरचे खडू हळूहळू कडेला सरकत जातात. नवीन पोरं दचकतात, जुन्यांना ते कळतही नाही.

मी ज्योतीराम घाडगे. मूळचा करमाळ्याकडचा. भोसरीत एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवायला लागलो. माझा स्वभाव तापट आहे आणि मला स्वतःबद्दल फार बरं मत आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

माझं नाव झालं ते एका पिवळ्या पुस्तिकेमुळं. ‘समसंबंध : एक हजार जोड्या’. परीक्षेत प्रश्न असतो, कुंभार आणि मडकं यांचं जे नातं, तेच सुतार आणि कशाचं? चार पर्यायांतून एक निवडायचा. आता एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, मग विचार कधी करणार? म्हणून मी बाजारातली सगळी गाइडं चाळून हजार जोड्या जमवल्या आणि पोरांना सांगितलं, विचार करू नका, पाठ करा. पुस्तिकेच्या झेरॉक्स सांगवीपासून चाकणपर्यंत फिरायला लागल्या. बिनपरवानगीच्या झेरॉक्स पाहून मी वरवर चिडायचो आणि आतून खूश व्हायचो.

आमची मोठी बॅच गुरुवारची. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळं आमचा रविवार गुरुवारी येतो. गेल्या जून महिन्यात अशाच एका गुरुवारी रश्मी ओव्हाळ पहिल्यांदा जिना चढून वर आल्या. मला वाटलं, कुणाची तरी आई फी विचारायला आलीय. मी म्हणालो, “मुलाला पाठवा, बाई. त्याची थोडी परीक्षा घेतो.”

“मुलगा न्हाई सर, मीच हाय,” त्या म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

वय बेचाळीस. घर चऱ्होलीत, अगदी गावातलं जुनं. चाकणला एका कंपनीत मालाची तपासणी करायच्या, कंत्राटावर. आयटीआय झालेलं होतं, हात तरबेज होता, पण दर सात महिन्यांनी कंत्राटदार त्यांना ब्रेक द्यायचा आणि पंधरा दिवसांनी नवा पास देऊन त्याच टेबलापाशी उभं करायचा. कारण सलग काम झालं की माणूस कायम होण्याचा हक्क सांगतो. अशी एकोणीस वर्षं झाली होती. कागदावर मात्र त्यांचा अनुभव सात महिन्यांच्या वर कधी गेलाच नाही.

नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा खात्यात मीटर निरीक्षकांच्या बावीस जागा निघाल्या होत्या. कायमच्या. आयटीआय हवं, शंभर प्रश्नांची दोनशे गुणांची परीक्षा, आणि निदान नव्वद गुण पाहिजेत. अशा जागांना माणसं कमी पडतात, नव्वद गाठणारा बहुतेक आत जातोच. रश्मीताईंची अडचण वेगळी होती. येत्या मार्चमध्ये त्यांच्या वयाची अट संपणार होती. ही परीक्षा गेली की पुढं अर्जच भरता येणार नव्हता.

पहिल्याच चाचणीत मी एक प्रश्न टाकला होता. शनिवार : अर्धी सुट्टी :: रविवार : ? चाळीस जणांतल्या तेवीस जणांनी ‘कामाचा दिवस’ हा पर्याय निवडला. मी कपाळावर हात मारला. मग समोर बसलेले चेहरे बघितले, कुणी तळवड्याचं, कुणी चाकणचं, कुणी कालच रात्रपाळी करून आलेलं. त्यांच्या हिशेबानं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

“प्रश्न काढणारे साहेब चाकणला राहत नाहीत,” मी म्हणालो. “त्यांना गुरुवार माहीत नाही. प्रश्न वाचू नका, साहेबांच्या डोक्यात शिरा. त्यांना काय हवंय तेवढं लिहा.”

सगळे हसले. शेवटच्या बाकावरून रश्मीताईंनी विचारलं, “सर, पण साहेबांचंच चुकलं असलं तर?”

“साहेबांचं चुकत नाही. आपलंच चुकतं,” मी म्हणालो. बारा वर्षांत मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन, मोजलं तर लाज वाटेल.

दोन महिने त्यांनी पाठांतर करून बघितलं. आठ तास उभं राहून काम, मग चऱ्होलीपर्यंत बस, मग स्वयंपाक, आणि त्यानंतर माझ्या हजार जोड्या. शब्द टिकेनात. समसंबंधाच्या पंधरा प्रश्नांत चार बरोबर, पाच बरोबर, पुन्हा चार. गणित तर त्याहून वाईट होतं. धनेश नावाचा एक पोरगा पहिल्या बाकावर बसायचा, ऑटोपार्टच्या कंपनीत फिटर, पण स्मरणशक्ती अशी की पान क्रमांकासकट जोडी सांगायचा. त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हणायचो, “असं पाहिजे.” रश्मीताई मान हलवायच्या.

आणि मग ऑगस्टमधल्या एका गुरुवारी त्यांना पंधरापैकी तेरा आले.

मला वाटलं, शेजारच्याचं बघून लिहिलं. तापट माणसाच्या मनात पहिली शंका वाईटच येते. मी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं आणि पंधरा नवे प्रश्न दिले, पुस्तिकेत नसलेले. पुन्हा तेरा. धनेशला तेच दिले, त्याला सात.

“काय केलंत?” मी विचारलं.

“काय न्हाई सर. आमी कंपनीत करतो तेच केलं.” मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या टेबलावर हजारो नग येतात. प्रत्येकाचं भोक नजरेनं मोजत बसत नाहीत. एक लोखंडी गेज असतो, तो भोकात घालून बघायचा, नीट बसला तर नग पास, नाही तर लाल पेटीत. “इथं पहिली जोडी म्हणजे गेज. तिचं एक वाक्य करायचं. आणि तेच वाक्य चारी पर्यायांना लावून बघायचं.”

“मग धनेशचं का चुकलं?”

तो प्रश्न होता, डोळा : चष्मा :: पाय : ? पर्याय बूट, मोजा, कुबडी, पैंजण. धनेशनं बूट लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मीही बूटच म्हणालो असतो, पण उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं म्हणून गप्प बसलो.

“माणूस डोळ्यावर चष्मा घालतो, हे वाक्य केलं तर पायात बूटपण घालतो, मोजापण घालतो, पैंजणपण घालतो,” रश्मीताई म्हणाल्या. “सगळेच नग पास व्हायला लागले तर नग चांगले नसतात सर, गेज झिजलेला असतो. मग वाक्य घट्ट करायचं. डोळा अधू झाला की चष्मा लागतो. आता लावा. पाय अधू झाला की?”

“कुबडी,” धनेश हळूच म्हणाला.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाईंनी दोन महिन्यांत शोधलेलं मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं, हे मला झोंबलं. “तुमचं चालतंय तर चालू द्या,” एवढंच म्हणालो आणि बाकीच्यांना पान सतरा उघडायला लावलं. पण पोरं काय बहिरी नसतात. चहाच्या सुट्टीत जिन्यावर रश्मीताईंच्या भोवती घोळका दिसायला लागला.

परीक्षा नोव्हेंबरात झाली. बाहेर आल्यावर पोरांनी फोनवर फोन केले, “सर, एक प्रश्न तुमच्या पुस्तिकेतला जसाच्या तसा!” सत्तेचाळिसावा. भूकंप : रिश्टर :: पाऊस : ? पर्याय होते पर्जन्यमापक, ढग, मिलिमीटर आणि पूर. माझ्या पुस्तिकेत पान एकतीसवर, ‘मोजमाप’ या मथळ्याखाली एकाखाली एक छापलंय, भूकंप – रिश्टर, पाऊस – पर्जन्यमापक, ताप – थर्मामीटर. सोमवारी परीक्षा घेणाऱ्या मंडळाची उत्तरतालिका आली, त्यातही पर्जन्यमापक. मंगळवारी काळेवाडीच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. ‘प्रश्न क्र. ४७ थेट आमच्या पुस्तिकेतून!’ खाली माझा फोटो, हाताची घडी घातलेला. बबनराव म्हणाले, “सर, फोटोत तुम्ही भूकंप केल्यासारखे दिसताय.”

उत्तरतालिकेवर हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. गुरुवारी रश्मीताई आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्यांनी आपली उत्तरं तालिकेशी ताडून बघितली होती. समसंबंधाच्या पंधरापैकी चौदा बरोबर आले होते, आमच्या क्लासात इतके कुणालाच नव्हते. एकूण गुण अठ्ठ्याऐंशी. नव्वदला दोन कमी. म्हणजे एकच प्रश्न. आणि त्यांचा पंधरावा समसंबंध, जो चुकला होता, तो सत्तेचाळिसावाच होता. त्यांनी मिलिमीटर लिहिलं होतं.

“ताई, अहो हा तर पुस्तिकेतला होता,” मी कळवळून म्हणालो. खरंच वाईट वाटलं. “अख्ख्या क्लासनं बरोबर लिहिला.”

“सर, मला वाटतं तालिका चुकलीय. हरकत घ्यायची म्हणते.”

माझा कळवळा तिथंच संपला. “म्हणजे मंडळ चुकलं, मी चुकलो, हे चाळीस जण चुकले आणि तुम्ही एकट्या बरोबर? दोन गुण गेले याचं दुःख मला कळतं. पण म्हणून प्रश्नालाच खोटं पाडायचं?”

दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा निघून गेली असती. रश्मीताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फळा दोन मिनिटं मिळंल का सर?”

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर तीन रकाने आखले. डोक्यावर लिहिलं, काय मोजलं, कशानं मोजलं, किती भरलं. “तपासणीच्या कागदावर आमचे हे तीन रकाने असतात,” त्या म्हणाल्या. “एक रकाना चुकला तर अख्खी गाडी परत येते. मी एकोणीस वर्षं हेच भरतेय.” मग त्यांनी पहिली ओळ भरली. सळईची जाडी. मायक्रोमीटर. मिलिमीटर. दुसरी ओळ वर्गाला विचारून भरली. ताप, थर्मामीटर, अंश. तिसरी ओळ, पाऊस, पर्जन्यमापक, मिलिमीटर. पोरं एका सुरात सांगत होती. चौथ्या ओळीत त्यांनी फक्त ‘भूकंप’ लिहिलं आणि खडू माझ्यापुढं धरला.

“रिश्टर कुठं लिहू सर?”

मी झपाट्यानं उठलो. दुसऱ्या रकान्यात खडू टेकवला. र ची उभी रेघ ओढली आणि हात थांबला. बातम्यांत काय सांगतात? भूकंपाची तीव्रता पाच पूर्णांक दोन रिश्टर. पाच पूर्णांक दोन यंत्रं कशी असतील?

“रिश्टर मशीनच असतंय ना?” धनेशनं मागून विचारलं.

मला वाटत आलं होतं की रिश्टर म्हणजे कुठंतरी डोंगराखाली ठेवलेलं काळंभोर यंत्र असणार. बारा वर्षं मी ही जोडी पाठ करून घेतली, शेकडो पोरांकडून, पण रिश्टर म्हणजे काय हे मी कधी उघडून बघितलं नव्हतं. रश्मीताईंनी पिशवीतून शेजारच्या मुलीचं भूगोलाचं शाळेचं पुस्तक काढलं, खूण घालून आणलेलं. भूकंप टिपणारं यंत्र वेगळं, त्याला भूकंपमापक म्हणतात. रिश्टर हे एका शास्त्रज्ञाचं नाव, आणि त्याच्या नावानं भूकंपाची तीव्रता सांगायचं माप. म्हणजे तिसरा रकाना. पाऊस किती पडला, तर इतके मिलिमीटर. तिसरा रकाना. पर्जन्यमापक दुसऱ्यात.

“भूकंप किती झाला ते रिश्टरमध्ये सांगतात,” रश्मीताई म्हणाल्या. “पाऊस किती झाला ते पर्जन्यमापकमध्ये सांगतात, असं कोण म्हणतं का? वाक्य बसतच न्हाई सर.”

मी “आजचा क्लास संपला” असं म्हणालो आणि खाली उतरलो. मला प्रचंड राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण ज्याच्यावर काढायचा तो मीच होतो. गिरणीच्या दारात ज्वारीच्या डब्यांजवळ उभा राहिलो. वरून चौकातला माझा फोटो हाताची घडी घालून माझ्याकडं बघत होता.

“काय झालं, सर?” पिठानं पांढरे झालेले बबनराव बाहेर आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे बाईंनी हरकत घेतली की तुमचा फ्लेक्स खोटा पडतो.”

“होय.”

“आणि नाही घेतली तर बाई घरी बसतात.”

“होय.”

“मग यात अवघड काय आहे?” ते म्हणाले. “शिडी मागं आहे.”

बबनरावांना बुद्धिमत्ता चाचणी कुणी शिकवलेली नाही. मी शिडी घेतली आणि भर दुपारी चौकात जाऊन माझाच फ्लेक्स उतरवला. चहावाल्यानं विचारलं, “मुदत संपली का, सर?” मी म्हणालो, संपली.

वर आलो तर वर्ग तसाच बसलेला, आणि रश्मीताई फळा पुसायला निघालेल्या. “पुसू नका,” मी म्हणालो. “हरकत लिहायला तो समोर लागेल.”

संध्याकाळपर्यंत आम्ही अर्ज लिहीत होतो. मी लिहायचो, रश्मीताई एकेक वाक्य तपासायच्या आणि ढिलं वाटलं की परत लिहायला लावायच्या. चार वेळा लिहिलं. भूगोलाच्या पुस्तकाचं पान जोडलं, तीन रकान्यांचा तक्ता जोडला. मग मी पिवळ्या पुस्तिकेचं पान एकतीस काढलं आणि त्याखाली सहीनिशी लिहिलं की ही पुस्तिका मी संकलित केली असून या पानावरील पावसाची जोडी भूकंपाच्या जोडीशी जुळत नाही.

“सर, शाळेचं पुस्तक पुरे की,” रश्मीताई म्हणाल्या. “तुमचं पान कशाला?”

“उद्या कुणीतरी म्हणेल, बाजारातल्या पुस्तिकेत असंच छापलंय. आणि पुरावा म्हणून माझंच पान पुढं करील. ती वाट आधीच बंद करू.”

त्यांनी ते पान अर्जाला जोडलं. मग धनेश पुढं आला. त्याला ब्याण्णव गुण होते. हरकत मान्य झाली की त्याचे दोन जाणार आणि तो बरोबर नव्वदच्या कडेवर येऊन उभा राहणार. आणखी एखादा प्रश्न बदलला की खाली. “सर, माझं काय?” तो म्हणाला. मग त्यानं फळ्याकडं बघितलं. “जाऊ द्या. चुकलंय तर चुकलंय. ताई, पाठवा.” त्या पोरानं त्या दिवशी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तिकेत बसणार नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मग वाट बघणं सुरू झालं. डिसेंबर गेला. कंत्राटदारानं रश्मीताईंना सांगून ठेवलं, जानेवारीअखेर ब्रेक, पुढचं पुढं बघू. क्लासमध्ये मी पान सतरा, पान अठरा बंद केलं आणि जोडीचं वाक्य करायला शिकवू लागलो. स्वतः शिकत शिकतच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी मी त्या एका जोडीनंतर सगळी पुस्तिका तपासायला काढली. दीडशेच्या वर जोड्या कच्च्या निघाल्या. रोज थोडं मरायचो आणि रोज थोडं हसायचो.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी धनेश धापा टाकत जिना चढून आला. “सर, अंतिम तालिका! निवड यादीपण सोबतच!” त्यानं मोबाइल पुढं केला. मला चष्मा सापडेना. त्यानंच वाचलं. प्रश्न सत्तेचाळीस, बदललेलं उत्तर, पर्याय तीन. मिलिमीटर.

मी खुर्चीत बसलो. आयुष्यात मी चुकीचा ठरलो आणि इतका आनंद झाला, असं एकदाच घडलं. खाली जाऊन बबनरावांना मिठी मारली आणि वर येईपर्यंत माझा शर्ट पांढरा झाला. मग फोन लावला. रश्मीताईंचा फोन बंद. तपासणीच्या टेबलावर फोन न्यायचा नसतो, तो गेटवरच्या कप्प्यात राहतो. पाळी संपायला साडेतीन वाजणार.

“चल,” मी धनेशला म्हणालो.

त्याच्या गाडीवर मागं बसून, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पिठानं माखलेल्या शर्टात मी चाकणला निघालो. मोशीपर्यंत बरं होतं. पुढं चाकणची ट्रॅफिक, कंटेनरमागं कंटेनर, धूळ, आणि मध्ये आम्ही. धनेश फटीफटीतून गाडी काढत होता आणि मी दर दोन मिनिटांनी “यादी नीट वाचलीस ना?” असं त्याच्या कानात ओरडत होतो. “वाचली सर. पण यादीतला क्रम तुम्हाला तिथंच सांगतो,” तो म्हणाला. त्याच्या मनात काहीतरी होतं.

गेटवर पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. निळ्या गणवेशातल्या बायकांचा लोंढा बाहेर आला, त्यात रश्मीताई. मला बघून त्या जागीच थांबल्या. क्लासचा सर कामाच्या गेटवर आला म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्यांना वाटलं असणार. मी सगळी वाट भाषण ठरवत आलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, “तिसरा रकाना, ताई.”

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सोबतच्या बायका “काय झालं गं?” म्हणून गोळा झाल्या. धनेशनं मोबाइल पुढं केला. नव्वद गाठणारे एकूण अठरा जण होते, जागा बावीस. अठराही निवडले गेले. यादीत शेवटच्या दोन ओळींत दोघांचे गुण सारखे होते, नव्वद. सतराव्या ओळीत ओव्हाळ रश्मी. अठराव्यात धनेश.

“तुझे पण नव्वद, मग मी वर कशी?” रश्मीताईंनी विचारलं. डोळे भरलेले असतानाही त्यांना यादीतली ओळ तपासायचीच होती.

“नियम आहे, ताई,” धनेश म्हणाला. तो एवढा वेळ हेच राखून होता. “गुण सारखे असले की ज्याचं वय जास्त, तो वर.”

त्या त्याच्याकडं बघतच राहिल्या. मार्च जवळ येतोय म्हणून वर्षभर त्या ज्या वयाला घाबरत होत्या, कंत्राटदारानं एकोणीस वर्षांत ज्यातले सातच महिने दरवेळी मोजले, ते वय एका सरकारी यादीनं पूर्ण मोजलं होतं आणि त्यांना एक पायरी वर उभं केलं होतं. त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग हात तोंडाशी धरून, आणि हसता हसता गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या.

“बेचाळीस पूर्ण,” त्या जमलेल्या बायकांना सांगत होत्या, “बेचाळीस वर्षं आणि दहा महिने. एक दिवस कमी धरला न्हाई.”